तराजूच्या बुडाला कुंकू

ज्या माणसाने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या कारखान्यासमोर माझी अब्रू काढली, त्याच्यासाठी चार वर्षांनी मी माझ्याच गॅरेजात बसून काडतुसं भरत होतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी ढेकणापेक्षा मोठं जनावर मारल्याचं ऐकिवात नाही. मी स्वतः अंडंसुद्धा केकमध्ये लपून आलं तरच खातो. तेव्हा हे घडलं कसं, ते मुळापासून सांगायला हवं.

२०११ साली शिक्षण संपवून मी न्यूझीलंडमध्ये, ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात लागलो. तिथे पंपांचे पितळी भाग बनायचे आणि ते मापात आहेत का हे बघायचं काम माझं. पुण्याची पदवी, वर इथला डिप्लोमा, त्यामुळे डोक्यात वारं भरलेलं. मायक्रोमीटर उचलला आणि सपासप दोनशे नग मोजून ‘पास’च्या पेटीत टाकले. मग फोरमन आला. साठी ओलांडलेला, जुलैच्या थंडीतही शॉर्ट्स घालणारा, कमी बोलणारा गोरा माणूस. त्याने माझा मायक्रोमीटर रिकामाच मिटला आणि माझ्या नाकासमोर धरला. रिकामा मिटला की त्याने शून्य दाखवायचं असतं. तो शून्याच्या चांगला पुढे उभा होता. म्हणजे माझे दोनशेच्या दोनशे नग चुकीचे मोजलेले.

आमच्याकडे नापास मालाला लाल पुठ्ठ्याचं लेबल दोरीने बांधायचे, त्यावर कारण लिहून. रेड टॅग. फोरमनने माझ्या पेटीला तो बांधला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘झिरो तपासला नाही’. मग मला म्हणाला, “आधी झिरो, मग चहा.” दिवसभर जो तो पेटीजवळून जाताना थांबून वाचत होता.

पुढे मी त्याच एका वाक्यावर पोट भरलं. नवीन पोरांना तेच सांगायचो, तेही आपणच शोधून काढल्याच्या थाटात. फोरमन लांबून ऐकायचा. हळूहळू आमचं जमलं. तो हिल्सबरोला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, बायको वारलेली, त्यामुळे रविवारी आमच्याकडे पोहे खायला यायचा आणि त्यावर टोमॅटो सॉस ओतून माझ्या बायकोचा जीव घ्यायचा.

२०१४ मध्ये तो निवृत्त झाला. निरोपाच्या पार्टीत त्याने स्वतःच्याच गळ्यात रेड टॅग बांधून घेतला होता. कारण लिहिलं होतं, ‘झिजलेला. मापाबाहेर.’ आम्ही सगळे खो खो हसलो, तो सर्वांत मोठ्याने. थट्टेचं लेबल माणूस दोन दिवसांत फेकून देतो. त्याने ते आपल्या यूटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, आरशाला लटकवलं आणि ते तिथेच राहिलं. मला ते दरवेळी दिसायचं आणि दरवेळी जरा खुपायचं.

पुढच्या वर्षी त्याने घर विकलं. ख्रिसमसच्या आधी अल्बनीला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. मुलीची एकच अट होती की घरात बंदूक नको. त्याचं बंदुकीचं लायसन्सही त्याच डिसेंबरात संपत होतं. नव्याने काढायचं नाही असं त्याने ठरवलं, म्हणजे आम्हाला तसं सांगितलं. डावा डोळा मोतीबिंदूने गढूळ झाला होता आणि उजव्याबद्दल विचारलं की तो हवामानाबद्दल बोलायला लागायचा.

“जायच्या आधी एक हरीण हवं,” एका रविवारी तो पोह्यांवर सॉस ओतत म्हणाला. “शेवटचं. स्वतः मारलेलं.”

तौमारुनुईच्या पलीकडे त्याच्या जुन्या मित्राचं शेत होतं. त्या शेताच्या टोकाला एक पत्र्याची झोपडी, हट म्हणतात इथे. हटच्या पडवीसमोर दरी, दरीत नदी, आणि पलीकडच्या उतारावर दरड कोसळून उघडी पडलेली पिवळी माती. वसंतात त्या मातीवर कोवळं गवत फुटतं आणि संध्याकाळी हरणं ते खायला बाहेर येतात. चाळीस वर्षं हा माणूस दरी उतरायचा, नदी ओलांडायचा, पलीकडे चढून शंभर यार्डांवरून बार टाकायचा. आता त्याचे गुडघे आमच्या घराच्या तीन पायऱ्यांवरच कुरकुरायचे. म्हणजे आता बार टाकायचा तर पडवीतूनच, आणि पडवीपासून ती माती चारशे यार्डांवर.

त्याची रायफल होती जुनी थ्री-ओ-थ्री. हीच मी लहानपणी गणपतीच्या बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या खांद्यावर पाहिली होती. ती उडतेसुद्धा, हे मला न्यूझीलंडला आल्यावर कळलं. बापाच्या काळातलं काडतूस, जवळून हरीण लोळवायला उत्तम, पण चारशे यार्डांवर दुकानातल्या काडतुसांतली एक गोळी डोंगराला लागते तर दुसरी नदीत पडते. त्यावर उपाय म्हणजे काडतुसं हाताने भरायची. जुन्या पितळी पुंगळ्या घ्यायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, प्रत्येकीत बंदुकीची दारू अगदी सारखी तोलून घालायची आणि वर लांबट, टोकदार, वाऱ्याला कापत जाणारी गोळी दाबून बसवायची. वजन सारखं तर वेग सारखा, वेग सारखा तर गोळी जाते तिथेच जाते. हे सगळं त्याला झोपेतही आलं असतं. फक्त हात आता थरथरायचे. त्याचा कप बशीत वाजायला लागला की माझी बायको उठून गॅस बघायला जायची.

“बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवता येते,” तो म्हणाला. “दारूचा चमचा कशावर टेकवू? तुझे हात स्थिर आहेत. आयुष्यभर मोजण्याशिवाय तू केलंयस काय?”

“आणि मेलेलं हरीण? ते पलीकडे असणार.”

“मी मारीन, तू आणशील.”

मी हो म्हणालो. का म्हणालो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आरशाला लटकलेला तो टॅग हे एक कारण असावं. पण खरं सांगायचं तर मनात एक दुसराही हिशोब होता. चारशे यार्ड, एक गढूळ डोळा, शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीची रायफल. लागणार कशाला? माझ्या पाठीवर काही येणार नाही आणि पुण्य मात्र पदरात पडेल, असा माझा साळसूद बेत होता. तरी सराव म्हणून मी वीस किलो कणकेची पिशवी पाठीवर बांधून माउंट रॉस्किल चढायला लागलो. वाटेत भेटणारे ‘कीया ओरा’ म्हणून नमस्कार करायचे आणि पाठीवरचा ‘चक्की फ्रेश’ वाचत पुढे जायचे.

त्याच्या घरी सामानाची बांधाबांध चालली होती, म्हणून गोळ्या दाबून बसवायचा प्रेस आणि तराजू आमच्या गॅरेजात आले. लायसन्स त्याचं, त्यामुळे दारूचा डबा तो सोबत आणायचा आणि सोबत न्यायचा, तयार काडतुसंही त्याच्याच कुलपात. मी काम करायचो तेव्हा तो घडीच्या खुर्चीत समोर बसलेला असायचा. तराजू जुना, दांड्याचा. एका टोकाला वजनाचा सरकता काटा, दुसऱ्या टोकाला तारेचा एक छोटासा पाळणा टांगलेला आणि त्या पाळण्यात दारूची ताटली ठेवायची. तोलायचं माप ग्रेन. आमच्या सोनारांची गुंज असते ना, ग्रेन म्हणजे तिच्याही निम्म्याच्या आसपास.

याच सुमारास आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच दिवशी गॅरेजात डोकावून तिने बाकावरच्या काळवंडलेल्या पुंगळ्या पाहिल्या.

“हे पितळ आहे ना रे? मग असं का ठेवलंय? देवाची भांडी अशी ठेवली असतीस का?”

मी काही बोलायच्या आत ती पुंगळ्या मोरीत घेऊन गेली, म्हणजे लाँड्रीच्या सिंकमध्ये. चिंचेचा कोळ, मीठ आणि अंगठा. तासाभराने ताटात साठ पुंगळ्या सोन्यासारख्या चमकत होत्या. फोरमनने एक उचलली, उजव्या डोळ्याशी नेली, आत बघितलं, बाहेर बघितलं. या कामासाठी त्याने चाळीस वर्षं काय काय मशिनं आणि पावडरी वापरल्या होत्या.

“हे काय लावलं हिने?”

“चिंच. आम्ही आमटीत घालतो.”

“येह, नाह,” तो इथल्या लोकांसारखं एका दमात ‘हो’ही आणि ‘नाही’ही म्हणाला आणि मग आईकडे वळून टोपी काढली. त्या दिवसापासून तो तिला बॉस म्हणायला लागला. आई त्याला “अहो साहेब” म्हणायची आणि सगळं मराठीतून बोलायची. त्यांचं एकमेकांशी छान पटायचं, कारण दोघांनाही एकमेकांचं काही कळत नव्हतं.

सप्टेंबरात आम्ही एका क्लबच्या रेंजवर चाचणी घेतली. मी तोललेली काडतुसं, त्याने पोत्यावर टेकवलेली रायफल, चारशे यार्डांवर जेवायच्या ताटाएवढा पांढरा पुठ्ठा. पाच बार, त्यांतले चार पुठ्ठ्यात. त्याने रायफलवरची दुर्बीण नेमाला नीट लावून घेतली, तिचे स्क्रू आवळले आणि घरी येईपर्यंत शीळ वाजवत बसला. मी मात्र पुठ्ठ्यावरची भोकं पुन्हा एकदा मोजली. हे लागणार होतं की.

शिकारीसाठीची वीस काडतुसं भरायचा दिवस नेमका दसऱ्याचा आला. गुरुवार होता, मी सुट्टी टाकली होती, शनिवारी लेबर वीकेंडला, म्हणजे कामगार दिनाच्या जोडसुट्टीला, निघायचं होतं. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतात, आणि आमच्या घरातली शस्त्रं म्हणजे विळी, कात्री आणि बायकोचा लॅपटॉप. पण यंदा गॅरेजात खरोखरचं काहीतरी होतं. आई कुंकवाचा करंडा घेऊन सगळीकडे फिरली. गवत कापायचं मशीन, ड्रिल, गाडी, प्रेस. आईचं कुंकू म्हणजे नाजूक बोट नव्हे, पोस्टाचा शिक्का. ओल्या हळदीवर ओलं कुंकू, वर चिकटवलेल्या अक्षता.

दसऱ्याला फोरमन आमच्याकडेच जेवला. आपट्याची पानं विमानतळावर बायोसिक्युरिटीने काढून घेतली होती, म्हणून आईने अंगणातल्या कुठल्याशा झुडपाचं पान त्याला सोनं म्हणून दिलं. त्याने ते गंभीरपणे खिशात ठेवलं. मग श्रीखंड-पुरी झाली. दोन वाजता आम्ही गॅरेजात गेलो. प्रेसच्या दांड्यावरचं कुंकू मी फडक्याने पुसलं. तराजू स्वच्छ दिसत होता, रविवारी तपासला होता, जागचा हललेला नव्हता. फोरमन खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागला. मी वीस काडतुसं भरली, एकेक ग्रेन तोलून, जीव ओतून. श्रीखंडावर झिरो तपासणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

शनिवारी निघताना आई दारात आली. हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, “तुझ्या त्या तराजूलाही लावलंय हो कुंकू. वर तुझं ते बंदुकीचं औषध सांडतं, म्हणून खालून लावलं, दिसणार नाही असं.” मी गाडीत सामान कोंबत होतो. “हो हो” म्हणालो आणि निघालो.

यूट मीच चालवत होतो. चार तास तो टॅग माझ्या डोळ्यांसमोर डुलत होता.

दुपारी आम्ही हटवर पोचलो. त्याने पडवीत टेबल ओढलं, त्यावर वाळूचं पोतं ठेवलं, मागे खुर्ची. मला मोठी दुर्बीण देऊन शेजारी बसवलं. गोळी कुठे लागते ते बघणं माझं काम, कारण बार उडाला की रायफल उसळते आणि मारणाऱ्याला काही दिसत नाही. सूर्य उतरला तशी पिवळ्या मातीवर तीन हरणं आली. दोन माद्या होत्या, त्या गाभण असतात म्हणून सोडायच्या. तिसरा कोवळ्या शिंगांचा नर. नर आडवा उभा राहून शांतपणे चरायला लागला.

त्याने श्वास सोडला. बार झाला. माझ्या दुर्बिणीत नराच्या पोटालगत, नेमापेक्षा चांगली वीतभर खाली, मातीचा फवारा उडाला. हरणांना आवाज कुठून आला ते कळेना, ती मान वर करून तशीच उभी राहिली. दुसरा बार. पुन्हा फवारा, पहिल्याच्या अगदी शेजारी. मग तिघंही झाडीत गेली.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. सुटलो, आता पाठीवर कणीकही नको आणि हरीणही नको. मग मी त्याच्याकडे बघितलं. त्याने रायफल रिकामी केली, दोन्ही पुंगळ्या उचलल्या, शर्टाला पुसल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

“काडतुसात काही चूक असेल,” मी म्हणालो.

“तुझी काडतुसं फर्स्ट क्लास आहेत. सप्टेंबरात पाहिलं ना.” तो समोरच्या मातीकडे बघत होता, जणू ती त्याला दिसत होती. “डोळा गेलाय. मला ठाऊक होतं. उद्या सकाळीच निघू.” मग जरा हसून म्हणाला, “रेड टॅग.”

नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणणारा तो माणूसच नव्हता. अंगण खरोखर वाकडं असतं तरी त्याने आपले पाय दाखवले असते. आत गेला आणि न जेवता बाकावर आडवा झाला. मी स्टोव्हवर बेक्ड बीन्स गरम करत होतो आणि डोक्यात ते दोन फवारे घुमत होते. डोळा गेलेला माणूस एक गोळी डावीकडे मारतो, एक उजवीकडे, एक आकाशात. या दोन गोळ्या एकमेकींच्या शेजारी बसल्या होत्या. हे मी रोज कारखान्यात बघतो. माप इकडेतिकडे उड्या मारत असेल तर हात चुकतो. सगळीच मापं एकाच बाजूला सारखीच सरकली असतील तर हात बरोबर आहे, माप चुकलंय. सप्टेंबरपासून रायफल तीच, पोतं तेच, गोळ्या त्याच. मधे बदललं काय?

खालून लावलं, दिसणार नाही असं.

माझ्या हातातला चमचा बीन्समध्ये तसाच राहिला. पाळण्याच्या बुडाला कुंकू, हळद आणि अक्षता. पाळणा तेवढा जड झाला, म्हणजे प्रत्येक काडतुसात दारू तेवढीच कमी पडली. दारू कमी, गोळी सावकाश, आणि चारशे यार्डांवर वीतभर खाली. देवाची कृपा एवढीच की चूक त्या बाजूला झाली. जास्त पडली असती तर त्या नळीमागे त्याचा चेहरा होता, या विचाराने मला आजही घाम फुटतो.

आता गंमत बघा. मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. सकाळी निघायचं, बीन्स खायचे, हरीण नाही, चिखल नाही, रक्त नाही. माझी चार वर्षांची ऐटही शाबूत राहिली असती. आणि तो माणूस अल्बनीच्या सोफ्यावर उरलेलं आयुष्य ‘मापाबाहेर’ म्हणून काढणार होता. मी स्टोव्ह बंद केला आणि जाऊन त्याच्या बाकाच्या कडेला बसलो.

सगळं सांगितलं. कुंकू म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागली. मी थांबलो तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला.

“झिरो?”

“नाही तपासला.”

तो छताकडे बघत राहिला. मला वाटलं चिडेल. आधी बाक हलायला लागला, मग पत्रे. तो माणूस एवढा हसत होता की त्याला उठून बसावं लागलं. “चार वर्षं,” तो डोळे पुसत म्हणाला, “चार वर्षं तू त्या पोरांना पिडलंस!” मग हसू आवरलं आणि त्याने माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. “दोन्ही शेजारी शेजारी? नक्की?”

“दोन बोटांचंही अंतर नव्हतं.”

“किती वर धरू?”

“वीतभर. त्याच्या पाठीच्या रेषेवर.”

“स्वीट ॲज,” तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत झकास. “बीन्स आण.”

सकाळी दरीत धुकं होतं. आठच्या सुमारास ते उचललं तेव्हा नर एकटाच मातीवर उभा होता, कालच्याच जागेच्या जरा वर. फोरमनने गाल लाकडाला टेकवला. मी श्वास रोखून दुर्बिणीतून बघत होतो आणि मनात काय चाललंय हे मलाच कळत नव्हतं. बार झाला. फवारा उडाला नाही. नर गुडघ्यांवर बसला, कुशीला कलंडला, आणि हलला नाही.

“लागला,” मी म्हणालो.

त्याने नुसता डावा हात टेबलावर दोनदा आपटला.

दरी उतरायला, नदी ओलांडायला आणि पलीकडे चढायला मला दोन तास लागले. नराच्या पापण्या लांब होत्या आणि तोंडात अजून गवत होतं. मला फार वाईट वाटलं. पलीकडच्या पडवीत एक ठिपका उभा राहून टोपी हलवत होता, ते बघून मला फार बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं आणि दोन्ही खरं होतं. मग छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला.

“चाकूची धार वर. वर म्हणजे आकाशाकडे, मेट.”

“मला उलटी होतेय.”

“करून घे. घाई नाही, वेळ हीप्स आहे.”

मी करून घेतली. मग तासभर तो मोठ्या दुर्बिणीतून माझ्या हातांकडे बघत सांगत होता आणि मी कापत होतो. “तुझी डावी नाही, हरणाची डावी.” “बटाटा सोलतोयस का?” “आता थांब. आता हळू. हां. हे छान केलंस.” शेवटचं वाक्य मी चार वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही आतड्यांत कोपरापर्यंत हात असताना.

पस्तीसेक किलो मांस पाठीवर घेऊन मी परत निघालो. कणकेचा सराव काही कामाला आला नाही. कणीक पाठीवरून गळत नाही. नदीत एकदा बसलो, चढावर दोनदा. दुपारी पडवीशी पोचलो तेव्हा गुडघ्यापासून टाळूपर्यंत मी कुठल्या रंगाचा होतो, ते आईला कधीच सांगितलं नाही.

तो पायऱ्यांशी उभा होता. हातात यूटच्या आरशावरचा टॅग. ‘झिजलेला. मापाबाहेर’ वर त्याने पेनाने आडवी रेघ मारली होती. मागच्या कोऱ्या बाजूला नवीन कारण लिहिलं होतं. त्याने तो माझ्या गळ्यात घातला, पाठीवरचं ओझं उतरवूसुद्धा न देता. मी मान वाकडी करून वाचलं. ‘झिरो तपासला नाही.’

परत आल्यावर मांस त्याच्या फ्रीझरमध्ये गेलं, कारण आमच्या उंबऱ्याच्या आत ते येणार नव्हतं. मग आम्ही दोघं गॅरेजात आलो आणि तराजूचा पाळणा उलटा केला. लाल ढेकूळ, त्यात चार तांदूळ. आई मागे येऊन उभी राहिली होती.

“गुण आला ना कुंकवाचा?” तिने विचारलं. मी “हो” म्हणणार होतो. फोरमनने बोट वर केलं. “बॉसला खरं सांग.”

मी खरं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या गळ्यातल्या टॅगकडे बघितलं आणि म्हणाली, “मी सांगितलं होतं की नाही तुला, लावलंय म्हणून? पूजा झाली की हत्यार पुसून, बघून मगच हातात घ्यायचं असतं. एवढं साधं कळू नये?”

“काय म्हणते?” त्याने विचारलं.

मी भाषांतर केलं. त्याने टोपी काढली. “चुकीच्या माणसाला नोकरी दिली मी,” तो म्हणाला.

डिसेंबरात त्याचं लायसन्स संपलं, रायफल शेतावरच्या मित्राकडे गेली आणि तो अल्बनीला गेला. तराजू मला देऊन गेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचा उजवा डोळाही गढूळ होत गेला. आता मी भेटायला जातो तेव्हा तो आधी हाताने माझा खांदा चाचपतो आणि मग ओळखतो. मुलीकडे बार्बेक्यूला कुणी नवीन माणूस आला की तो मला शेजारी बसवून घेतो आणि ती गोष्ट सांगायला लागतो. चारशे यार्ड, तीन बार. चुकले ते दोन याचे, लागला तो माझा, असं तो म्हणतो. सगळे माझ्याकडे बघून हसतात आणि मी मान डोलावतो, कारण त्यात खोटं काहीच नाही.